आधी गाठ सुटते का ते बघा
वाचकांचे प्रश्न : जनावर धरणं, बांधणं, पाडणं

मागच्या अंकात लाळ्या खुरकुताच्या लशीवर लिहिलं होतं. त्यावर जे फोन आणि व्हॉट्सअॅप आले त्यातले निम्म्याहून जास्त लशीबद्दल नव्हतेच, लस द्यायला जनावर धरायचं कसं याबद्दल होते. तीस वर्षं गोठ्यागोठ्यातून फिरलोय, आणि आजारापेक्षा दाव्यानं गेलेलं जनावर बघितलं की मला आजही जेवण जात नाही. म्हणून यावेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिलीय.

प्रश्न : आमचा खिल्लार खोंड अडीच वर्षांचा आहे. लस द्यायला डॉक्टर आले की चौघांना आवरत नाही. मागच्या खेपेला भावाच्या बरगडीला मार लागला. आता डॉक्टर म्हणतात पाडून घ्या. पाडायचं कसं? – एक वाचक, सांगोला

दादा, आधी भावाची बरगडी दाखवून घ्या. एक्स-रेचा फोटो काढला नसेल तर काढा. मुका मार म्हणून लोक अंगावर काढतात आणि पंधरा दिवसांनी श्वास घेताना कळ येते म्हणून येतात.

आता खोंडाचं. नुसत्या लशीसाठी पाडू नका. मानेत सुई घालायला काही सेकंद लागतात, पाडायला अर्धा तास जातो आणि तेवढ्या वेळात त्याच्या मनात जी भीती बसते ती पुढच्या खेपेला परत तुमच्याच अंगावर येते. खिल्लार मुळातच चलाख आणि तापट, देवणी किंवा लाल कंधारीसारखं शांत उभं राहणारं नाही, आणि त्याच्याभोवती चार माणसं चार बाजूंनी ओरडायला लागली की ते बिथरणारच. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळं त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त बरोबर पाठीमागचं दिसत नाही, आणि आपण नेमकं तिथूनच गुपचूप जाऊन हात लावतो मग लाथ बसते. खांद्याच्या बाजूनं, तोंडानं काहीतरी बोलत जायचं. रोज वैरण घालणारा जो कोणी आहे त्यानंच जायचं, नवख्या माणसानं नाही.

दोन माणसं पुरतात. म्होरकीला, म्हणजे तोंडावरून घातलेल्या दोरीला, दावं लावून डोकं खांबाला आखूड बांधायचं, खोंडाच्या छातीच्या उंचीला. खाली जमिनीलगत खुंट्याला आखूड बांधलं तर त्याचा पुढचा पाय दाव्यावरून पलीकडं जातो आणि तो कोसळतो, हे मी बऱ्याचदा बघितलंय. डोळ्यावर जुना टॉवेल किंवा पोतं टाका, बरीच जनावरं त्यानंच निम्मी शांत होतात. एकानं वेसण धरायची. धरायची म्हटलं, बांधायची नाही. वेसणीला दावं बांधून खांबाला कधीही अडकवू नका, मागं झटका दिला की नाकाचा पडदा फाटतो आणि तो परत जुळत नाही, त्या बैलाला पुढं वेसणच घालता येत नाही. दुसऱ्यानं शेपटी बुडापाशी दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचलायची, बुडापाशीच, मधे किंवा टोकाला धरून पिळायची नाही, मणके मोडतात. शेपटी अशी वर धरली की बहुतेक जनावरं लाथ घालत नाहीत.

आणि गाठ. हे मी सगळ्यांनाच सांगतोय. दाव्याचं मोकळं टोक खांबामागून वळसा घालून आणायचं, मूळ दाव्यावरून पलीकडं न्यायचं, आणि मग ते टोक दुमडून त्याचा नुसता फासा आत ओवायचा, टोक सगळं ओढून काढायचं नाही, बुटाची नाडी बांधतो तसं. जनावरानं कितीही ओढलं तरी ती धरून राहते आणि तुम्ही मोकळं टोक खेचलं की एका झटक्यात सुटते. घरी खाटेच्या पायाला बांधून बघा, दहा वेळा, अंधारात सुद्धा जमली पाहिजे. जनावर पडल्यावर गाठ सोडायला बसलात तर ताणलेल्या दाव्याची साधी गाठ दगडासारखी झालेली असते. म्हणून कमरेला किंवा खांबाला एक धारदार विळा असू द्या.

पाडणं वेगळं. खूर कापायचाय, जखम शिवायचीय, तेव्हा पाडावं लागतं आणि ते डॉक्टर समोर असतानाच. आदल्या रात्री वैरण बंद, म्हणजे बारा तास पोट हलकं. भरल्या पोटानं पाडलं तर पोट फुगतं, पोटातलं घशात येऊन श्वासनळीत जातं. जागा मऊ हवी, नांगरलेलं रान किंवा जाड पाचट, कोब्यावर अजिबात नाही. दोर सुती, अंगठ्याएवढा जाड, तीसचाळीस फूट.

गाईसाठी आपल्याकडं जी पद्धत चालते तिच्यात मानेला न आवळणारी गाठ मारायची, मग पुढच्या पायांच्या मागं छातीला एक वेढा, कासेच्या पुढं पोटाला दुसरा, आणि दोर सरळ मागं ओढायचा, गाय आपोआप गुडघे टेकते. खोंडाला मात्र तो पोटाचा वेढा मुताच्या जागेवर दाबतो, इजा होते. त्याच्यासाठी दोराचा मध्य मानेवर टाकायचा, दोन्ही टोकं पुढच्या पायांमधून घेऊन छातीखाली फुली करायची, वर पाठीवर परत फुली, मग टोकं मागच्या पायांच्या मधून अंडाच्या दोन्ही अंगांनी मागं काढून दोघांनी सारखं ओढायचं. त्यात धडपड कमी होते. पडताना डोकं आपटू नये म्हणून एक माणूस फक्त डोक्याला. डोक्याखाली पोतं. उजव्या कुशीवर पाडा म्हणजे पोटाचा मोठा कप्पा वर राहतो. पंधरावीस मिनिटांत काम उरका, आणि सोडल्यावर लगेच छातीवर बसतं करा. कडक जमिनीवर जास्त वेळ पडून राहिलं तर खालच्या पुढच्या पायाची नस दबते, मग जनावर उठतं पण पाय टेकत नाही. गाभण गाय शेवटच्या महिन्यांत असेल तर पाडायचा विषयच नको.

प्रश्न : बारा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई आहेत. घरीच खोडा बनवायचाय. वेल्डरला काय माप देऊ? – एक वाचक, राहाता

फार चांगला विचार केलात भाऊ. खोडा म्हणजे जनावर उभं धरून ठेवायचा पाइपचा अरुंद सांगाडा. रेतन, गाभण तपासणी, कानाचा बिल्ला, सगळं सोपं होतं.

मोठ्या एचएफला आत साडेपाच ते सहा फूट लांबी, अडीच फूट रुंदी, पाच फुटाच्या आसपास उंची. जास्त रुंद केला तर गाय आत वळायचा प्रयत्न करते आणि अडकते, म्हणून ऐसपैस करायच्या मोहात पडू नका. कालवडींसाठी बाजूला एक आडवी दांडी आत घेता येईल अशी सोय ठेवा. दोन इंची जीआय पाइप, चारी खांब दोन-अडीच फूट काँक्रिटमध्ये. मागची दांडी मागच्या गुडघ्यांच्या वर येईल अशी, म्हणजे डॉक्टरला लाथ बसत नाही. कुठंही पाइपचं उघडं टोक किंवा वेल्डिंगची धार राहू देऊ नका, हात फिरवून बघा, जिथं तुमच्या हाताला टोचतं तिथं गाईची कातडी फाटणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे वेल्डर ऐकणार नाही कारण त्याला सगळं पक्कं करायची सवय. बाजूच्या आडव्या पाइपा वेल्ड करू नका. बोल्टवर किंवा खाचेत बसणाऱ्या, बाहेरून ओढून काढता येतील अशा करा, निदान एका बाजूच्या तरी. मी नोकरीत नवीन होतो तेव्हा एका गावच्या खोड्यात पाच महिन्यांची गाभण गाय घेतली होती. फरशी गुळगुळीत, त्यात शेण आणि पाणी, गाय घसरून बसली आणि मान वरच्या दाव्याला लटकली. दावं नायलॉनचं, गाठ साधी आवळत जाणारी. मालक गाठ सोडायला धडपडत होता, मी बाजूची पाइप ओढत होतो, पाइप वेल्ड केलेली. गाईची जीभ बाहेर आली ती निळी झाली. कोणीतरी कोयता आणला, दावं तुटलं, तोपर्यंत उशीर झाला होता. मालक खाली बसून तिच्या कानामागं खाजवत राहिला, जशी तो रोज खाजवायचा तशी. ती गाय आजाराची नव्हती हो, तपासणीला आणली होती.

तेव्हा खाली खडबडीत कोबा, ओला असतानाच फळीनं चिरा पाडून घ्या, किंवा जाड रबर मॅट. मान बांधायचीच तर म्होरकीला, गळ्याला नाही. खोड्यात गाय घालून चहाला जायचं नाही, एक माणूस समोर उभा पाहिजे.

खोडा भिंतीला तोंड करून बांधू नका, समोर उजेड आणि मोकळी वाट दिसली की गाय आपणहून चालत येते आणि काम झालं की पुढूनच बाहेर पडते. बांधून झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस एकही सुई टोचायची नाही, नुसती पेंड ठेवायची, गाय आत जाईल खाईल निघून येईल. खोड्यात गेलं की टोचतात हे एकदा डोक्यात बसलं तर मग रोज ढकलत बसावं लागतं. हे आठ दिवस कोणी देत नाही, पण द्या, खूप फरक पडतो.

प्रश्न : पंढरपुरी म्हैस खोड्यात शिरतच नाही, शिंगं अडकतात. – एक वाचक, मंगळवेढा

पंढरपुरीची शिंगं खांद्याच्या मागंपर्यंत जातात, काहींची तर पार माकडहाडापर्यंत. मान अडकवायचा जो सापळा असतो तो तिच्या कामाचाच नाही. पुढचं तोंड पूर्ण उघडं ठेवा, वरची आडवी पाइप काढून टाका, आणि म्हशीला आत चालवत नेऊन समोरच्या दोन खांबांना दोन बाजूंनी म्होरकी बांधा. शिंगाला बांधायची वेळ आलीच तर अगदी बुडाशी आठाच्या आकड्यासारखा वेढा, टोकाकडं नाही, टोकाला झटका बसला तर शिंग बुडातून हलतं आणि रक्त थांबता थांबत नाही. आणि हे सगळं सकाळी लवकर करा. म्हशीची कातडी काळी, घाम कमी, दुपारी उन्हात दहा मिनिटं झटापट झाली तरी धापा टाकायला लागते. अंगावर आधी पाणी मारून घेतलं तर ती तशीही निवांत होते.

प्रश्न : पहिलारू गाय आहे, कासेला हात लावला की लाथा. घरचे मागचे पाय नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधतात, मला बघवत नाही. दुसरा उपाय आहे का? – एक वाचक भगिनी, फलटण तालुका

ताई, तुम्हाला बघवत नाही ते बरोबरच आहे, कारण बहुतेक वेळा अशी गाय खोडी काढत नसते, तिला दुखत असतं. पहिल्या वेताला कास सुजून टणक होते, सड ताणलेले असतात. आधी चारी सडांच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर काढून बघा, गाठी दिसल्या किंवा पाण्यासारखं दूध आलं किंवा एखादा कोपरा गरम लागला तर ती दगडीची, म्हणजे कासेच्या आजाराची, सुरुवात आहे, दोरीनं ती बरी होणार नाही, डॉक्टरांना आजच बोलवा. सडाला चीर पडली असेल तरी लाथ मारते. धार काढणाऱ्याची नखं वाढलेली असतील तरी मारते, हे कोणी मान्य करत नाही पण तपासा.

काहीच नसेल तर मग सवयीचा प्रश्न. कोमट पाण्यानं कास धुवा, हलकं चोळा, वासरू समोर असू द्या, पुढ्यात पेंड, आणि रोज तोच माणूस तीच वेळ. बसताना तिच्या कुशीला डोकं किंवा खांदा टेकवून बसा, पाय उचलायच्या आधी अंग आकसतं ते तुम्हाला कळतं. गाय घोड्यासारखी सरळ मागं लाथ मारत नाही, पाय पुढं घेऊन बाजूनं फिरवून मारते, म्हणून मागच्या पायाच्या बाजूला लांब बसणंच जास्त धोक्याचं, तिला चिकटून बसलेलं बरं.

पाय बांधावेच लागले तर नायलॉन नको, तो घसरतो मग आवळतो आणि कातडी भाजल्यासारखी सोलतो. सुती पट्टा किंवा जुन्या लुगड्याची पट्टी वळून, मागच्या गुडघ्यांच्या जरा वर आठाच्या आकड्यात, दोन बोटं आत जातील एवढी सैल, आणि वर सांगितलेली सुटती गाठ. धार झाली की लगेच सोडायचं. घरच्यांना हे वाचून दाखवा.

प्रश्न : वीस उस्मानाबादी शेळ्या आहेत, मी एकटीच असते. खुरं वाढलीत, कापताना धरू कशी? – एक वाचक भगिनी, परांडा

एकटीनं होतं ताई, नक्की होतं. शेळीला भिंतीच्या कोपऱ्यात घ्या, तिची एक कूस भिंतीला, दुसऱ्या कुशीला तुमचा गुडघा, गळ्यात पट्टा आणि पट्टा भिंतीतल्या कडीला आखूड. पुढचा पाय गुडघ्यात दुमडून मागं घ्यायचा, मागचा पाय मागच्या दिशेनं उचलायचा, बाजूला फाकवायचा नाही, खुब्याला इजा होते. पाय उचलला की ती दोनचार झटके देते, तेव्हा सोडू नका आणि आवळू पण नका, नुसतं धरून ठेवा, थांबते. सोडलं की तिला कळतं झटका दिला की सुटका होते.

पिल्लांना शिंगानं ओढू नका, कोवळी शिंगं मोडतात. एका मागच्या पायाला धरून फरफटवायचं तर मोठ्यांना पण नाही. पावसानंतर किंवा सकाळी दवात चरून आल्यावर खूर मऊ असतो तेव्हा कापा, थोडं थोडं, गुलाबी दिसायला लागलं की थांबा. रक्त आलंच तर आयोडीन लावा आणि धनुर्वाताचं डॉक्टरांना विचारा. दिवसाला चार केल्या तरी पाच दिवसांत वीस होतात, एका दिवशी सगळ्या उरकायच्या नादात शेवटच्या सहाना जोर लावला जातो आणि तिथंच अपघात होतो.

जंतांचं औषध पाजण्याबद्दल पण तुम्ही विचारलंय. तोंड पाठीच्या रेषेपेक्षा वर उचलू नका, जीभ ओढू नका, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं, गिळलं की पुढचं. ठसका लागला तर लगेच डोकं सोडून द्या. डोकं आकाशाकडं करून घटाघट ओतलेलं औषध फुप्फुसात जातं.

प्रश्न : वासराच्या मानेला वास येतोय, दाव्याखाली काहीतरी ओलं आहे. – एक वाचक, ता. जामखेड

दावं कातडीत रुतलंय. लहानपणी गळ्यात बांधलं, वासरू वाढलं, दावं तेवढंच राहिलं, केसांत दिसत नाही. ओढून काढू नका. कापून काढायचंय आणि आत किडे पडलेले असू शकतात म्हणून डॉक्टरांकडूनच, १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा, फिरतं पथक तुमच्या भागात असेल तर ते घरी येतं. आणि इतरांनी आज संध्याकाळी प्रत्येक वासराच्या गळ्यात हात घालून बघा, तळहात उभा सहज गेला पाहिजे. दर पंधरा दिवसांनी. वासराला म्होरकी घाला, गळ्याचं दावं नकोच. जनावराला अवाजवी आखूड किंवा जड दाव्याला, साखळीला तासनतास बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात गुन्हा आहे, पण कायद्यापेक्षा त्या वासराच्या मानेकडं बघा.

प्रश्न : गाईच्या तोंडातून लाळ गळते, घशात काहीतरी अडकल्यासारखं करते, हंबरते. शेजाऱ्यांनी दोघांनी जबडा धरला आणि मी हात घालून बघितलं, काही सापडलं नाही. परत कसं धरून बघू? – एक वाचक, ता. आटपाडी

हा मेसेज ज्या दिवशी आला त्याच दिवशी मी फोन केला, उत्तर इथं छापतोय ते बाकीच्यांसाठी.

परत धरू नका. अजिबात नाही. लाळ, गिळता न येणं, आवाज बदलून हंबरणं, मागच्या पायांत झोल, हे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यानं होणाऱ्या रेबीजचं असू शकतं, आणि कुत्रं चावलेलं कोणी बघितलेलंच असतं असं नाही, रानात रात्री चावून जातं. घशात खरंच कणीस, आंब्याची कोय अडकलेली गाय पण अशीच दिसते, म्हणूनच लोक फसतात आणि हात घालतात. बोटांना साध्या चिरा असतात, गुरांच्या दातांनी ओरखडे पडतात, त्यातून लाळ आत जाते. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस वाचवता येत नाही, पण लक्षणं दिसायच्या आत लस घेतली तर वाचतो, म्हणून इथं एक दिवस सुद्धा महत्त्वाचा.

ज्यांनी ज्यांनी हात घातला, लाळ लागली, त्यांनी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुवायचे आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सांगायचं की रेबीजच्या संशयित जनावराची लाळ लागलीय. जखमेत थेट टोचायचं औषध लागतंय का ते तिथं ठरवतात. लशीचे सगळे डोस पूर्ण करायचे, दोन घेऊन थांबायचं नाही. गाय वेगळी बांधायची, लांबूनच, लांब दाव्यानं, पाण्याची बादली काठीनं सरकवायची, मुलांना तिकडं फिरकू द्यायचं नाही, कच्चं दूध कोणी प्यायचं नाही आणि वासराला पण पाजायचं नाही. डॉक्टर येतील तेव्हा त्यांना दारातच आधी सांगायचं की कोणीकोणी हात घातला होता.

या वाचकाचे तिघंही त्याच दुपारी जाऊन पहिली लस घेऊन आले. पुढच्या डोसांच्या तारखा मी माझ्या पण वहीत लिहून ठेवल्यात, त्या त्या दिवशी फोन करणार आहे.